इंग्रजी पॉप गाण्यांवरून इंग्रजी शिकणं : आठवीतल्या मुलीसाठी नेमकं कसं करावं?

बोरीकाठ (अमळनेर)

मुलगी आठवीत, सेमी-इंग्रजी. दिवाळीच्या सुट्टीपासून इंग्रजी पॉप गाण्यांचं वेड लागलंय. पाच-सहा गाणी तोंडपाठ आहेत आणि चाल अगदी बरोबर धरते. पण तिची वही उघडली तर सगळी गाणी देवनागरीत उतरवलेली, आणि त्यातले निम्मे शब्द कुठल्याच डिक्शनरीत सापडायचे नाहीत : वॉना, गॉना, लेमी, गिमी. अर्थ विचारला की उत्तर ठरलेलं, 'प्रेमाचं काहीतरी आहे.' आता शाळेच्या निबंधातही 'शी डोन्ट लाइक' असं यायला लागलंय.

छंद मोडायचा नाही, उलट त्याचा उपयोग व्हावा असं वाटतं. म्हणून जाणकारांना विचारतो. गाणं निवडायचं कसं? रोज किती वेळ द्यायचा? गाण्याची गती कमी करून ऐकावं का? देवनागरीत लिहू द्यावं का? व्याकरण बिघडतंय ते कसं सावरायचं? घरात आम्ही अहिराणी बोलतो, त्याचा उच्चारांवर परिणाम होतो का?

मोबाइल एकच आहे, संध्याकाळीच हातात येतो, डेटा रोजचा दीड जीबी. संगणक नाही.

---

तापीकाठचा मास्तर (चोपडा)

भाऊ, गाण्याचा ताल उच्चाराची चूक पकडतो, व्याकरणाची पकडत नाही. हे आधी ध्यानात घेतलं की बाकीचं आपोआप मार्गी लागतं.

'वॉक्ड' हा शब्द घ्या. आपली पोरं त्याला 'वॉकेड' म्हणतात, म्हणजे एकाचे दोन तुकडे करतात. गाण्यात तो एकाच सुरावर बसवलेला असतो. 'वॉकेड' म्हणायला गेलं की एक तुकडा जास्त होतो, पुढचा शब्द उशिरा पडतो आणि म्हणणारीला स्वतःलाच कळतं की आपण हुकलो. 'फिल्म'चं 'फिलिम' आणि 'स्कूल'चं 'इस्कूल' यांचंही तसंच. वर्गात दहा वेळा सांगून जे सुधारत नाही ते तालात दोन दिवसांत सुधारतं. 'ईडी'चा नियमही इथेच शिकवून टाका. क्रियापदाच्या शेवटी ट किंवा ड चा आवाज असेल तरच जादा तुकडा येतो : वॉन्टिड, नीडिड. शेवटी प, क, स, श, च, फ असेल तर नुसता ट : स्टॉप्ट, वॉक्ट, मिस्ट. बाकी ठिकाणी नुसता ड : कॉल्ड, क्राइड. एक खबरदारी मात्र घ्या. संथ गाण्यात एकच तुकडा चार-पाच सुरांवर ओढलेला असतो, तिथे सूर मोजून शब्दाचे तुकडे ठरवायचे नाहीत. मोजणी जिथे गाणं बोलल्यासारखं चालतं तिथेच करायची.

निवड. गायक कोण हे नंतर, आधी शब्द मोजा. पहिल्या महिन्यात २०० ते ३०० शब्दांचं गाणं बस झालं. ध्रुवपद तीनदा येत असल्याने वेगवेगळे शब्द शंभराच्या आसपासच निघतात. रॅप सध्या बाजूला ठेवा, तेवढ्याच वेळात त्यात दुप्पट-तिप्पट शब्द कोंबलेले असतात. गती तपासायची तर १५ सेकंद टेबलावर ठोके द्या. २५ ठोक्यांपर्यंत असेल तर चालेल, ३० च्या वर गेलं तर नको. आवाज वाद्यांच्या पुढे हवा. शेवटची कसोटी अशी : शब्द समोर न ठेवता दोनदा ऐकून तिला निम्मे शब्द कळायला हवेत. पावही कळत नसतील तर ते गाणं नुसतं ऐकायला ठेवा, अभ्यासाला नको.

एक गाणं, एक आठवडा, रोज २० मिनिटं. याहून जास्त वेळ दिला तर पोर कंटाळते आणि आवडतं गाणं नावडतं होतं.

पहिल्या दिवशी शब्द न बघता तीनदा ऐकायचं. जे कळलं ते रोमन लिपीत लिहायचं, स्पेलिंग चुकलं तरी चालेल. न कळलेल्या जागी आडवी रेघ मारायची, जेवढे शब्द निसटले असं वाटतं तेवढ्या रेघा.

दुसऱ्या दिवशी तेच गाणं दहा-दहा सेकंदांच्या तुकड्यांत. यूट्यूबवर मोबाइलच्या पडद्याच्या डाव्या बाजूला दोनदा टिचकी मारली की १० सेकंद मागे जातं. एक तुकडा जास्तीत जास्त पाच वेळा ऐकून पुढे सरकायचं. पाच वेळा ऐकून जे कळलं नाही ते पन्नास वेळा ऐकूनही कळत नाही, कारण बहुतेक वेळा तो शब्दच आपल्या गाठीला नसतो.

तिसऱ्या दिवशी खरे शब्द समोर घ्यायचे आणि लाल पेनाने जुळवायचं. सगळ्यात मोलाचा दिवस हाच, आणि नेमका हाच सगळे टाळतात. प्रत्येक चुकीपुढे एक अक्षर लिहायला सांगा. शब्दच माहीत नव्हता तर 'अ', माहीत होता पण दुसऱ्याला चिकटल्यामुळे ओळखला नाही तर 'ज', आवाजच वेगळा ऐकू आला तर 'ध'. तिघांचा इलाज वेगळा आहे : 'अ'साठी डिक्शनरी, 'ज'साठी ती ओळ दहा वेळा म्हणणं, 'ध'साठी आरशासमोर तोंडाची कसरत. सुरुवातीला वही 'ज'ने भरलेली दिसेल. त्यात घाबरण्यासारखं काही नाही.

'ज' म्हणजे काय ते एका ओळीवर सांगतो. ओळ इथेच रचलेली आहे, कुठल्या गाण्यातली नाही : 'टर्न इट ऑफ अँड वेट फॉर मी'. कानावर पडतं ते असं : 'टर्निटॉफन् वेट फमी'. पहिल्या शब्दाच्या शेवटचा न् पुढच्या इ वर उडी मारतो, म्हणून 'नि'. त्या शब्दाचा ट् पुढच्या ऑ वर जातो, म्हणून 'टॉ'. 'अँड'मधला ड गळतो आणि उरतं 'अन्'. आपणही 'आणि'चं 'अन्' करतोच की. 'फॉर'चा जेमतेम 'फ' उरतो. गायक अमेरिकी असेल तर दोन स्वरांमधला ट मऊ होऊन ड सारखा लागतो, म्हणजे 'टर्निडॉफन्'. सात शब्दांची ओळ, पण ठोके पडतात टर्न, ऑफ आणि वेट या तिघांवर. बाकीचे चार मधल्या फटीत चेंगरलेले. 'मला ऐकूच येत नाही' असं पोर म्हणते तेव्हा तिचे कान ठीक असतात. ती सात सुटे शब्द शोधत असते आणि गायकाने सुटे म्हटलेलेच नसतात.

चौथ्या दिवशी अर्थ, पण सुट्या शब्दाचा नाही, जोडीचा. 'गिव्ह' म्हणजे देणे आणि 'अप' म्हणजे वर, यातून 'गिव्ह अप' म्हणजे हार मानणे हे कधीच निघणार नाही. 'होल्ड ऑन', 'रन आउट ऑफ', 'फॉल अपार्ट', 'गेट ओव्हर' अशा जोड्या गाण्यांत पोत्याने भरलेल्या असतात आणि शाळेच्या पुस्तकात त्या मानाने कमी. एका गाण्यातून आठच जोड्या घ्यायच्या. प्रत्येकीचं एक वाक्य घरच्या गोष्टीवर करायचं, उदाहरणार्थ 'वुई रॅन आउट ऑफ गॅस', म्हणजे आमचा गॅस संपला.

पाचव्या दिवशी गाण्याबरोबर म्हणायचं, मग आवाज निम्मा करून, मग गाण्याशिवाय. मोबाइलमध्ये रेकॉर्ड करून मूळ गाण्याशेजारी वाजवायचं. सहाव्या दिवशी व्याकरणाचं काम, त्याबद्दल खाली वेगळं लिहितो. सातव्या दिवशी सुट्टी. पुढे तिसऱ्या, सातव्या आणि एकविसाव्या दिवशी ते गाणं एकदा म्हणायचं आणि आठ जोड्या न बघता लिहायच्या.

गती. ०.७५ वर ठेवायला हरकत नाही, फक्त दुसऱ्या दिवशी आणि अडलेल्या तुकड्यापुरती. ०.५ वर आवाज खडखडतो आणि शब्दांचे शेवट फाटतात, त्यातून नवी चूक कानात बसते. कमी गतीवर कळलेली ओळ लगेच मूळ गतीवर दोनदा ऐकलीच पाहिजे. नाहीतर कान मंद गतीलाच सरावतो आणि खऱ्या बोलण्यात पुन्हा पंचाईत.

---

शेवभाजी_जादा_तिखट (धुळे)

मास्तरांनी बरंच सांगितलंय, मी फक्त अहिराणी आणि देवनागरी या दोनच गोष्टींवर लिहितो.

अहिराणीची अडचण नाही, मदतच आहे. ळ चा य आणि ण चा न करण्याची सवय इंग्रजीला कुठे आडवी येत नाही, कारण इंग्रजीत ळ आणि ण नाहीतच. आणि काळाच्या बाबतीत तर अहिराणी बोलणाऱ्याचं काम सोपं आहे. 'तो रोज शायमा जास' (तो रोज शाळेत जातो) आणि 'तो शायमा जाई राहिना' (तो शाळेत जातो आहे) यातला फरक पोर घरातच शिकलेली असते. पहिलं 'ही गोज', दुसरं 'ही इज गोइंग'. गाण्यात 'आय अ‍ॅम' पुढे 'इंग' आलं की 'राहिना'वालं वाक्य, हे एकदा सांगितलं की पुरे. 'जास' आणि 'गोज' दोन्हींच्या शेवटी स-ज येतो हा निव्वळ योगायोग. त्यावर विसंबू नका, कारण अहिराणीत 'मी जास' असंही म्हणतात आणि इंग्रजीत तो आवाज फक्त तो, ती, ते यांनाच लागतो.

देवनागरी वही मात्र बंद करा. मी इथे सगळं देवनागरीत लिहितोय ते चर्चेच्या सोयीसाठी, वहीत रोमनच हवं. कारण साधं आहे. 'पश्चिम' या अर्थाचा वेस्ट आणि 'बनियन' या अर्थाचा वेस्ट देवनागरीत अगदी सारखे दिसतात, तोंडात मात्र दोन्ही वेगळे. पश्चिमेच्या वेस्टला ओठांचा चंबू करायचा, शिट्टी मारताना करतो तसा, दात कुठेही टेकत नाहीत. बनियनच्या वेस्टला वरचे दात खालच्या ओठावर हलके टेकवून घरंगळता आवाज काढायचा. आपला मराठी व या दोहोंच्या मध्ये कुठेतरी बसतो, म्हणून दोन्ही चुकतात. आरसा घ्या आणि दात दिसतात का बघा. 'लव्ह'चं शेवटचं अक्षर गाण्यात लांबवलेलं असतं तिथे सराव चांगला होतो. दात टेकलेले असतील तर आवाज लांबवता येतो, नसतील तर 'लऊ' होऊन बसतं.

फ चंही तेच. 'फूल'चा फ दोन्ही ओठ मिटून येतो, इंग्रजी 'फाइव्ह'चा फ वरच्या दाताने. तोंडासमोर कागदाची पट्टी धरा. मराठी फ ला पट्टी झटकन हलते, इंग्रजी फ ला हळूच थरथरते.

झेडचा आवाज मराठी मुलांना जड जात नाही, 'माझा'मध्ये तो जवळपास असतोच. चूक होते ती वेगळीच : लिहिलेला 'एस' दिसतो म्हणून 'ड्रीम्स' म्हणतात, खरं आहे 'ड्रीम्झ'. 'इझ', 'वॉझ', 'आइझ', 'टिअर्झ'. गायक शेवटचा आवाज लांबवतो तिथे गळ्यावर बोट ठेवून बघायचं. गळा थरथरला तर झ, नाही तर स.

'थँक'मधला थ हा आपला थ नाही. जिभेचं टोक दातांच्या मध्ये किंचित बाहेर आणि नुसती हवा. गाण्याच्या वेगात हे जमत नाही, आधी सुटं जमवा. ऱ्हस्व-दीर्घ इ कडे लक्ष द्या, 'लिव्ह' म्हणजे राहणे आणि 'लीव्ह' म्हणजे सोडून जाणे. गाण्यांत दोन्ही शब्द सारखे येतात आणि अर्थ नेमका उलटा होतो. पण गाण्यात ऱ्हस्वही कधीकधी सुरासाठी ताणलेला असतो, म्हणून या जोडीसाठी गाण्याऐवजी डिक्शनरीतला आवाज ऐकायचा. ऑक्सफर्ड आणि केंब्रिज, दोघांच्या शिकणाऱ्यांसाठीच्या डिक्शनऱ्या नेटवर फुकट आहेत. त्यात ब्रिटिश आणि अमेरिकी असे दोन्ही उच्चार ऐकता येतात, आणि बऱ्याच शब्दांपुढे ए-१ (सगळ्यात सोपी) ते सी-२ (सगळ्यात अवघड) अशी पातळीही दिलेली असते. आठवीच्या मुलीने बी-१ पर्यंतचेच शब्द पाठ करावेत, वरचे नुसते वाचून सोडावेत.

---

पाचवा_गिअर (भुसावळ)

एवढा खटाटोप कशाला? टेन्सचा तक्ता भिंतीला लावा, रोज दहा वाक्यं लिहून घ्या. गाण्यांनी मार्क वाढत नाहीत. २००० सालापासून पहिलीपासून इंग्रजी आहे, तरी पोरांना वाक्य येत नाही ते तक्ता न केल्यामुळेच.

---

तापीकाठचा मास्तर (चोपडा)

गिअरभाऊ, तक्त्याला विरोध नाहीच. तक्ता डोळ्यांचं काम करतो, कानाचं करत नाही. भाषेच्या विषयाला दहावीला लेखी ८० आणि तोंडी २० असतात, त्या २० मध्ये तक्ता काय कामाचा?

आता व्याकरणाचं, म्हणजे सहाव्या दिवसाचं. पॉप गाण्यात बहुतेक वेळा 'मी' असतो आणि 'तू' असते. 'तो', 'ती' फार कमी. त्यामुळे 'शी लाइक्स', 'ही डझन्ट' कानावर पडतच नाही आणि निबंधात 'शी डोन्ट' येतं. बोरीकाठभाऊंच्या मुलीची चूक अशीच झालेली दिसते. इलाज असा : गाण्यातल्या आठ ओळी घेऊन 'आय'च्या जागी 'शी' टाकून पुन्हा लिहायच्या. 'आय वॉक', 'शी वॉक्स'. 'आय डोन्ट नो', 'शी डझन्ट नो'. 'आय हॅव', 'शी हॅज'. 'माय', 'हर'. मग त्याच आठ ओळी 'काल' धरून भूतकाळात. पंधरा मिनिटांचं काम आहे. तक्ता यातूनच निघतो आणि वाक्यं पोरीच्या आवडीची असल्याने कटकट होत नाही.

आणि गाण्यात चालणारं पण पेपरात न चालणारं एका वेगळ्या पानावर. डावीकडे गाण्यातलं, उजवीकडे वहीतलं. 'वॉना' म्हणजे 'वॉन्ट टू', 'गॉना' म्हणजे 'गोइंग टू', 'गॉटा' म्हणजे 'हॅव गॉट टू', 'लेमी' म्हणजे 'लेट मी', 'कॉझ' म्हणजे 'बिकॉझ'. हे शब्द चुकीचे नाहीत, बोलण्यातले आहेत. आपण 'करतो आहे' लिहितो आणि 'करतोय' म्हणतो, तसंच. 'एन्ट' मात्र 'अ‍ॅम नॉट, इज नॉट, हॅव नॉट' सगळ्यांच्या जागी येतं आणि शाळेत कुठेच चालत नाही. दोन नकार एकत्र हेही गाण्यातलंच. रोलिंग स्टोन्सच्या १९६५ च्या 'सॅटिस्फॅक्शन'च्या पूर्ण नावातच 'कान्ट' आणि 'नो' दोन्ही आहेत, आणि बीटल्सच्या त्याच वर्षीच्या 'टिकेट टू राइड'मध्ये 'शी'पुढे 'डोन्ट' आहे. उलटंही होतं : बियॉन्सेच्या २००८ च्या 'इफ आय वेअर अ बॉय'मधलं 'आय वेअर' पोरांना चूक वाटतं, पण ते शंभर टक्के शुद्ध आहे. जे नाही ते कल्पून बोलताना 'वॉझ'च्या जागी 'वेअर' येतं.

मुलीला पटवायचं असेल तर बहिणाबाईंचं उदाहरण द्या. त्यांच्या ओव्यांत 'मानूस' आहे आणि तिथे तेच शोभतं. पण मराठीच्या पेपरात निबंध लिहिताना कोणी 'मानूस' लिहीत नाही, 'माणूस'च लिहितं. कुठे काय बोलायचं हे पोरांना घरातच ठाऊक असतं, घरी अहिराणी नि शाळेत प्रमाण मराठी. इंग्रजीतही तेच, एवढंच.

---

खडू_फळा_डस्टर (शहादा)

चाळीस पोरांच्या वर्गात हे करायचं असेल तर वेगळ्या अडचणी येतात, म्हणून लिहितो. घरी भावंडांना घेऊन बसवलं तरी कामी येईल.

गाळलेल्या जागांचा कागद करा. पूर्ण गाणं लिहायचं आणि १२ शब्द गाळायचे, त्याहून जास्त नाही. पहिली जागा तिसऱ्या-चौथ्या ओळीत ठेवा, कारण पहिल्या दोन ओळी जाईपर्यंत पोरं पेनच शोधत असतात. दोन जागांमध्ये किमान सहा सेकंद हवेत. जवळजवळ जागा ठेवल्या की मुलगा पहिला शब्द लिहीत असताना दुसरा निघून जातो, मग तो चिडून पेन ठेवून देतो. त्यात इंग्रजी न येण्याचा काही संबंध नसतो, हात पोचत नाही इतकंच. पहिल्या फेरीत ठोक्यावर पडणारे शब्द गाळा, म्हणजे नामं आणि क्रियापदं. ओळीच्या शेवटचे यमकाचे शब्द सगळ्यात सोपे, चार-पाच तिथले ठेवा. दुसऱ्या आठवड्यात त्याच गाण्यातले बारके शब्द गाळा : टू, ऑफ, फॉर, अ, द. तेव्हा पोरांना कळतं की हे शब्द आपण ऐकत नव्हतो, अंदाजाने भरत होतो.

दुसरा खेळ पट्ट्यांचा. गाण्याच्या १२ ओळी कात्रीने कापून चौघांच्या गटाला द्यायच्या आणि ऐकत ऐकत क्रम लावायला लावायचा. ध्रुवपदाची ओळ एकदाच द्या, नाहीतर सारख्या दिसणाऱ्या तीन पट्ट्यांवरून भांडणं होतात.

स्पीकर टेबलावर पुढे ठेवू नका. पत्र्याच्या खोलीत आवाज घुमतो आणि मागच्या बाकांवर नुसता गोंधळ पोचतो. वर्गाच्या मधोमध, बसलेल्या पोराच्या कानाच्या उंचीवर ठेवा. आवाज बेताचा, बास कमी. पाच मिनिटांपुरता पंखा बंद करायला सांगितलं की एप्रिलमध्ये शिव्या बसतात, पण स श फ थ हे आवाज पंख्याच्या घरघरीत खरंच बुडतात. जमलं तर सकाळच्या शाळेच्या पहिल्या तासाला घ्या.

शब्द कुठून घ्यायचे हेही सांभाळा. चाहत्यांनी बनवलेल्या व्हिडिओंत चुकलेले शब्द सर्रास असतात, आणि यूट्यूबचे आपोआप येणारे कॅप्शन वाद्यांच्या आवाजात भरकटतात. गायकाच्या अधिकृत चॅनेलवरचा शब्दांचा व्हिडिओ असेल तर तोच घ्या, नसेल तर दोन ठिकाणचे शब्द जुळवा. इंग्रजी मातृभाषा असणाऱ्यांचीही फसगत होते. जिमी हेन्ड्रिक्सच्या १९६७ च्या 'पर्पल हेझ'मधलं 'द स्काय' कितीतरी जणांनी 'दिस गाय' असं ऐकलं. अशा चुकीच्या ऐकण्याला इंग्रजीत 'मॉन्डग्रीन' असा स्वतंत्र शब्द आहे, तो सिल्विया राइट यांनी १९५४ साली काढला. पोरांना हे सांगा, चूक झाली की लाजणं बंद होतं.

---

बोरीकाठ (अमळनेर)

सगळ्यांचे आभार. तीन दिवस करून बघितलं. 'ज'च्या खुणा मोजल्या, २३ निघाल्या, 'अ' फक्त ६. म्हणजे शब्द येत होते, ओळखू येत नव्हते. पण एका ठिकाणी अडलो : 'कॅन' आणि 'कान्ट' ओळखायचे कसे? तिने अख्खी ओळ उलट्या अर्थाने लिहिली. दुसरं, दोन-चार गाण्यांची नावं सांगा, तिने निवडलेल्या गाण्यांतल्या काहींचे शब्द वाचून मला घाम फुटला.

---

शेवभाजी_जादा_तिखट (धुळे)

कान्टचा ट ऐकायला जाऊ नका, तो बऱ्याचदा गिळलेला असतो. ठोका कुठे पडतो ते ऐका. 'आय कॅन गो' मध्ये ठोका 'गो'वर पडतो आणि कॅन आक्रसून 'कन्' होतो : 'आय्कन् गो'. 'आय कान्ट गो' मध्ये ठोका कान्टवरही पडतो, स्वर पूर्ण उघडतो आणि त्यानंतर आवाज क्षणभर अडतो. थोडक्यात, स्वर स्पष्ट ऐकू आला तर नकार, पुसट ऐकू आला तर होकार. ब्रिटिश बोलण्यात 'कान्ट'चा आ लांब असतो म्हणून सोपं जातं. पण गाताना बरेच ब्रिटिश गायकही अमेरिकी वळणाने 'कॅन्ट' म्हणतात, तेव्हा ठोक्यावरच भिस्त ठेवायची. एक अपवाद : 'कॅन' ओळीच्या शेवटी आला तर तोही पूर्ण उघडतो.

---

खडू_फळा_डस्टर (शहादा)

गाण्यांची नावं, आणि प्रत्येक कशासाठी ते.

सुझान व्हेगाचं 'टॉम्स डायनर', १९८७. मूळ ध्वनिमुद्रणात एकही वाद्य नाही, नुसता आवाज, जेमतेम दोन मिनिटं. 'आय अ‍ॅम' पुढे 'इंग' असलेली वाक्यं ओळीने येतात, म्हणजे वर म्हटलेलं 'राहिना'. १९९० चं वाद्यं घातलेलं रूपही नेटवर आहे, ते घेऊ नका. डोरिस डेचं 'के सेरा सेरा', १९५६, भविष्यकाळाच्या 'विल'साठी. गोष्ट आई-मुलीची आहे, घरात कोणालाही ऐकवा. ब्रुनो मार्सचं 'काउंट ऑन मी', २०१०, मैत्रीचं, त्यात 'इफ' आणि 'आय विल'ची जोडी आहे. बीटल्सचं 'यस्टरडे', १९६५, तेही दोन मिनिटांचंच, भूतकाळासाठी. स्वीडनच्या अ‍ॅबाची गाणी शब्दांना सुटसुटीत आहेत, कारण इंग्रजी त्यांचीही मातृभाषा नव्हती. गती तेवढी १५ सेकंदांच्या मापाने तपासून घ्या.

तिच्या निवडीचं म्हणाल तर गाण्यांच्या अ‍ॅपमध्ये नावापुढे चौकोनात 'ई' हे इंग्रजी अक्षर दिसलं की त्यात शिव्या किंवा अश्लील शब्द आहेत असं समजा. त्याच गाण्याचं 'क्लीन' रूप असतं, पण त्यात शब्द मध्येच गायब केलेले असतात, लिहून काढायला ते निरुपयोगी. 'ई' नसलं म्हणजे सगळं सोज्वळ असंही नाही, सूचक शब्दांवर ती खूण लागत नाही. म्हणून आधी पूर्ण शब्द तुम्ही वाचा. चार गाणी तुमची आणि एक तिचं असं न करता, दोन तुमची आणि दोन तिची असं ठरवा. तिच्या दोनांतलं एखादं नाकारलंत तर का ते सांगा, नुसतं 'नको' म्हणू नका.

---

तापीकाठचा मास्तर (चोपडा)

दीड जीबीची चिंता नको. व्हिडिओचा दर्जा १४४ किंवा २४० वर ठेवा, शब्द ऐकायला तेवढं पुरतं. तेच गाणं दहादा लावायचं असल्याने यूट्यूबवर त्या गाण्याला उतरवायची सोय असेल तर एकदा उतरवून ठेवा, म्हणजे रोज डेटा जात नाही. घरात फाइल असेल तर व्हीएलसी हे फुकट अ‍ॅप घ्या. त्यात 'ए-बी रिपीट' आहे : ओळीच्या सुरुवातीला एकदा दाबायचं, शेवटी एकदा, तेवढाच तुकडा फिरत राहतो. सुरुवातीची खूण ओळीच्या अर्धा सेकंद आधी लावा, नाहीतर पहिला आवाज कापला जातो आणि पोर 'स्टॉप'चं 'टॉप' लिहून मोकळी होते.

हेडफोन एकाच कानात घालू देऊ नका. काही गाण्यांत सोबतीचे आवाज डाव्या-उजव्या बाजूला विभागलेले असतात, अर्धे शब्द दुसऱ्याच कानात राहतात.